न लिहिलेल्या पुस्तकाचे वाचक

तपासनीसबाईंना यातून मिळणार होतं ते एवढंच: एकशे वीस पानांचं एक पुस्तक, त्याच्या तीनशे प्रती आणि मुखपृष्ठावर त्यांचं स्वतःचं नाव. बाकी काही नाही. पण चौतीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला हे ‘एवढंच’ केवढं वाटतं, ते तिलाच विचारावं. हजारभर पुस्तकं बाईंच्या डोळ्यांखालून गेली होती. लेखकांनी प्रस्तावनेत बायकोचे आभार मानले, मित्रांचे मानले, एकाने तर पाळलेल्या मांजरीचेही मानले. मुद्रितं तपासणाऱ्या बाईचे कोणी मानले नाहीत. एखादी चूक छापून गेली की मात्र सगळ्यांना त्यांचं नाव नेमकं आठवायचं.

वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. तिथल्या वाचकगटाचं इंटरनेटवर एक पान होतं. सभासदांनी रोज त्यावर चार ओळी टाकायच्या: काय वाचलं, काय विणलं, कुंडीत काय उगवलं, मोबाइलने आज कोणता नवा घोळ घातला. सचिव बँकेतून निवृत्त झालेले होते, पण अजून सगळे त्यांना साहेबच म्हणत. साहेबांनी जाहीर केलं की यंदा एका सभासदाच्या नोंदी पुस्तकरूपाने छापायच्या. नोंदी किती आणि त्यांना पसंती किती, ते पाहून सभेत निवड व्हायची होती. अट एकच. नोंद ज्याची त्याने लिहिलेली हवी. एआयकडून लिहून घेतलेली एक जरी सापडली तर त्या माणसाच्या सगळ्या बाद.

बाई मनात हसल्या. अकरा वर्षं त्या एक दिवस न चुकता लिहीत होत्या. चार हजारांवर नोंदी होत्या त्यांच्या, आणि एकातही बोट ठेवायला जागा नव्हती. खरं तर आनंदाने बोट उचलायलाही फारशी जागा नव्हती, कारण एका नोंदीला तीनच्या वर पसंतीचे अंगठे कधी पडले नव्हते. पण ते अलाहिदा. त्यांच्या वाटेत दुसरं कोणी नव्हतं.

नव्हतं म्हणजे, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी बाईंचे धाकटे दीर लिहायला लागले. भावजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं एकूण वाङ्मय म्हणजे घड्याळाला बांधायच्या चिठ्ठ्या: ‘सेल बदलला’, ‘काटा सैल’, ‘मंगळवारी या’. आणि हा माणूस एके सकाळी दीपस्तंभावरच्या एका पुस्तकाबद्दल लिहून गेला: ‘दिवा लावणाऱ्याला स्वतःच्या दिव्याचा उजेड कामाला येत नाही. तो नेहमी त्याच्या पाठीमागून बाहेर पडतो.’ अठ्ठावीस अंगठे.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली, कारण छापखान्यात चूक पकडायची त्यांची हीच रीत होती. चूक नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. माणसाने लिहिलं की कुठेतरी घसरतंच, हे बाईंना चौतीस वर्षांनी शिकवलं होतं. मोठमोठे प्राध्यापक घसरत, मग ‘मंगळवारी या’ वाला कसा घसरत नाही? शिवाय नोंद रोज बरोबर सहा चाळीसला पडायची. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

“घड्याळवालाच तो. वेळ पाळणारच,” नवरा म्हणाला.

नवऱ्याची सगळी नोकरी पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेली होती. आपण दोघंही आयुष्यभर वाचतच आलो, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि बाईंना ते आवडायचं नाही.

“वेळेचं नाही म्हणत मी. भाषेचं म्हणते. अहो, तुमचा भाऊ कधी असं बोललाय?”

“माझ्याशी बोलतो.”

“काय बोलतो?”

“असंच. इकडचं तिकडचं.” नवऱ्याने चपला पायांत सरकवल्या. “येतो जरा फिरून.”

संशयाचं आणि ढेकणाचं एकच असतं. एक दिसला की गादी उलटी करावीच लागते. बाईंनी एक छोटी वही केली आणि तिच्यात भावजींचे पुरावे लिहायला घेतले. नोंदींची वेळ, नोंदींची लांबी, कोणता शब्द किती वेळा. बाईंच्या स्वतःच्या कपाटातला मोठा शब्दकोश एकदा उलटा ठेवलेला सापडला, तेही लिहिलं आणि पुढे शंका मांडली: ‘भावजी येऊन गेले का?’ लाल पेनातली शाई आपोआप संपते आहे, हेही लिहिलं. शेजारच्या घराचा धूर मोजता मोजता आपल्या चुलीवर काय करपतंय ते कळत नाही, तशातली गत. पण ते बाईंना नंतर कळायचं होतं.

मग एक दिवस त्या बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन दुकानात गेल्या. घड्याळ बंद नव्हतं. त्यांनीच किल्ली द्यायची थांबवली होती.

“भावजी, ते दीपस्तंभाचं पुस्तक म्हणते मी. कसं आहे हो?”

भावजींनी डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, परत हातात धरलं. “ते… म्हातारा असतो एक. दिवा लावतो.”

“आणि?”

“आणि… विझवतो सकाळी. बरं आहे, वहिनी. वाचा तुम्ही.”

“तुम्ही तर केवढं सुंदर लिहिलं होतंत.”

भावजींचे कान लाल झाले. त्यांनी घड्याळ उघडलं, किल्ली दिली आणि परत केलं. “याला काही झालेलं नाही,” ते म्हणाले, आणि वर बघितलंच नाही.

बाईंनी वहीत लिहिलं: ‘आरोपी गडबडला.’ अंगठ्यांची बेरीज रोज भावजींच्या बाजूने वाढत होती, आणि निवड दीड महिन्यावर आली होती. आता सापळा लावायलाच हवा होता.

सापळा असा. नसलेल्या पुस्तकावर नोंद टाकायची. वाचकगटात एकाने चांगलं पुस्तक सांगितलं की आठवड्याभरात चारजणांनी त्यावर लिहायचं, असा रिवाजच होता. भावजी ते नाव आपल्या यंत्राला घालणार, यंत्र काहीतरी ठोकून देणार, भावजी ते सहा चाळीसला टाकणार, की मान अडकली. बाईंनी संध्याकाळ घालवून पुस्तक रचलं. गंमत म्हणजे, रचताना चहा गार झाला तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. असं अकरा वर्षांत झालं नव्हतं.

‘वजनकाट्यावरची सात वर्षं. लेखकाने नाव दिलेलं नाही, नुसतं “एक कारकून” म्हटलंय. वाळूने भरलेला ट्रक काट्यावर चढतो, मग रिकामा चढतो, आणि कारकून एकातून दुसरं वजा करतो. एक ट्रकवाला भरल्या ट्रकमधून कधी खाली उतरत नाही, रिकाम्यातून मात्र आठवणीने उतरतो. म्हणजे दर खेपेला वाळूबरोबर तो स्वतःलाही विकतो. कारकुनाला हे पहिल्याच आठवड्यात कळतं. तो सात वर्षं कोणाला सांगत नाही. का, ते पुस्तकात नाही.’

पहिल्या दिवशी एक्केचाळीस अंगठे पडले. बाई मोबाइल हातात घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरने लिहिलं. डॉक्टर महिन्यातून एकदा उगवायचा. त्याच्या साऱ्या नोंदी मिळून अठरा. त्याने लिहिलं: ‘पहिल्या आवृत्तीचं करडं मुखपृष्ठ अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटी कारकून नोकरी सोडायच्या दिवशी स्वतः काट्यावर चढतो, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.’ बाईंना धक्का बसला तो खोटेपणाचा नाही. हा शेवट आपल्याला कसा सुचला नाही, याचा.

तिसऱ्या दिवशी खुद्द साहेब. ‘कॉलेजात असताना वाचलं होतं. विषय दमदार, मधली पन्नास पानं पसरट.’ कुंड्या लावणाऱ्या एका सभासद बाईंनी कळवलं की ते त्यांच्या आईचं फार आवडतं पुस्तक होतं. आईने दोनदा वाचलं होतं. आठवड्याअखेर नसलेलं पुस्तक नऊजणांचं वाचून झालं होतं. दोघांमध्ये तर त्यातल्या ट्रकवाल्याच्या स्वभावावरून वादही झाला.

भावजींनी मात्र त्या आठवड्यात एका स्प्रिंगबद्दल लिहिलं, एका जुन्या गजराच्या घड्याळाबद्दल लिहिलं, आणि वजनकाट्याचं नावही काढलं नाही.

‘फार पक्का आहे,’ बाईंनी वहीत लिहिलं. पकडला गेला तर चोर, आणि नाही गेला तर सराईत चोर, इथवर त्यांचा हिशेब आला होता.

आणखी दोन आठवड्यांनी ग्रंथपाल मुलगी घरी आली. मुलगी म्हणजे तिशीची, पण वाचनालयात सगळे तिला मुलगीच म्हणत. तिची नेमणूक वर्षावर्षाच्या बोलीने होती.

“काकू, ते वजनकाट्याचं पुस्तक तुम्हाला कुठे मिळालं?”

“का गं?”

“साहेबांनी मागवायला सांगितलंय. पन्नासाव्या वर्षाच्या प्रदर्शनात मध्यभागी ठेवायचं म्हणतात. दोन आठवडे शोधतेय मी. अठरा वाचनालयांच्या याद्या पाहिल्या, कुठेच नाही. शेवटी मी लेखी दिलं की असं पुस्तक असल्याची नोंद नाही. ते भडकले. मी स्वतः वाचलंय आणि तू मला नोंद दाखवतेस, म्हणाले.”

खरं सांगायची हीच वेळ होती. बाईंनी वेळ पाहिली आणि जाऊ दिली. “ओळखीच्या एकाकडून आणलं होतं. परत केलं गं,” त्या म्हणाल्या. एका खोट्याला झोपवायचं तर त्याच्या उशाशी दुसरं बसवावं लागतं.

मुलगी गेली आणि चार दिवसांनी भावजी आले. उंबऱ्याच्या आत आले, पण बसले नाहीत.

“वहिनी, ते… कारकुनाचं पुस्तक… दोन दिवस वाचायला द्याल? मी… सात दुकानं पाहिली. रद्दीवाल्याकडेही गेलो. नाही मिळालं.”

“एवढी धावपळ कशाला? लोकांनी लिहिलंय की त्यावर. तेवढ्यावर तुम्हीही लिहू शकला असता.”

“वाचल्याशिवाय?” भावजींनी असं विचारलं, जणू कोणी त्यांना न उघडता घड्याळ दुरुस्त करायला सांगितलंय.

“परत केलं मी ते,” बाई म्हणाल्या. भावजी मान हलवून गेले. बाई दाराशी उभ्या राहिल्या. एवढं झाल्यावर कोणाचाही संशय गळून पडला असता. बाईंचाही पडला, अर्धा. उरलेल्या अर्ध्याने त्यांना सभेच्या आदल्या संध्याकाळी दुकानाकडे नेलं.

शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आत दिवा होता आणि आवाज येत होता. बाईंना आधी वाटलं, यंत्रच बोलतंय, कारण आवाज सपाट होता आणि शब्द सुटे सुटे येत होते: “गजर लावणारा माणूस, स्वल्पविराम, रात्रीच उद्याच्या स्वतःला हुकूम देऊन ठेवतो, पूर्णविराम. आणि सकाळी तोच हुकूम मोडतो, पूर्णविराम.”

आणि मग बाईंना आवाज ओळखू आला. कारण विरामचिन्हांसकट असं मोठ्याने वाचणारा माणूस या गावात एकच होता, आणि त्याला ते शिकवलं होतं त्यांनीच. छापखान्यातलं काम घरी आणलं की बाई मुद्रितावर नजर ठेवायच्या आणि नवरा मूळ हस्तलिखित वाचून दाखवायचा, एकेका चिन्हासकट. पुष्कळ वर्षं संध्याकाळी तेच चालायचं.

उतरवलेलं वाचून दाखवणारा नवऱ्याचा आवाज थांबला, तशा त्या शटरखालून बघायला वाकल्या. भावजी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात बघत होते आणि बोलत होते. अडखळत नव्हते, थांबत नव्हते. घड्याळाशी बोलत असल्यासारखे बोलत होते. नवरा समोर स्टुलावर बसून लिहून घेत होता. मांडीवर बाईंचं लाल पेन.

बाई शटरला हात न लावता घरी आल्या. नवरा तासाभराने आला.

“कुठवर गेला होतात?”

“नेहमीचंच.”

“नेहमीचंच म्हणजे स्वल्पविरामापर्यंत, की पूर्णविरामापर्यंत?”

नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. “ऐकलंस तर.”

“सहा महिने फसवताय मला.”

“फसवलं नाही, सांगितलं नाही. शब्द त्याचे. तो बोलतो, मी उतरवतो, चुका काढतो. सकाळी दूध आणायला जातो तेव्हा सहा चाळीसला पानावर टाकतो. त्याला ते टाकणं जमत नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू तपासलं असतंस.”

बाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, पण नवरा आज थांबणार नव्हता. “आपलं लग्न ठरलं तेव्हा त्याने तुला एक पत्र लिहिलं होतं. नव्या वहिनीला म्हणून. आठवतं? तू ते लाल पेनाने सुधारून त्याला परत पाठवलं होतंस. गमतीने. तेव्हापासून तो तुझ्यासमोर दोन वाक्यं न अडखळता बोलत नाही.”

बाईंना आठवलं. अकरा चुका होत्या.

“आणि माझ्या नोंदी?” त्यांनी विचारलं. “त्या कधी उतरवाव्याशा वाटल्या नाहीत?”

“त्यांत काही चुकलेलं नसतं,” नवरा म्हणाला. “मला करण्यासारखं काही उरतच नाही त्यात.”

तर सभेला जाताना बाईंच्या पदरात दोन गोष्टी होत्या. नोंद ज्याची त्याने लिहिलेली हवी, हा नियम. आणि भावजींच्या नोंदी लिहितो कोण, याची खबर. एक वाक्य बोलायचं, की मैदान मोकळं. नवऱ्याने काही विनवलं नव्हतं. तो नुसता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता आणि गुडघ्यावर हात ठेवून होता. भावजी मागच्या रांगेत होते.

निवडीच्या आधी साहेबांनी दुसराच विषय काढला. “एक महत्त्वाचं पुस्तक आपल्याकडे नाही, हे मी समजू शकतो. पण ते अस्तित्वातच नाही असं ग्रंथपालांनी लेखी द्यावं? इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ते वाचलंय. अशा बेफिकीर व्यक्तीची मुदत वाढवावी का, याचा विचार व्हावा.”

“मुखपृष्ठ करडं होतं,” डॉक्टरने मदत केली.

“मला सापडलं नाही,” मुलगी उभी राहून म्हणाली. “एवढंच मी म्हणू शकते. काकू, तुमच्या ओळखीच्यांकडून ती प्रत एकदा आणून दाखवलीत, तर मीच सगळ्यांची माफी मागेन.”

सगळे बाईंकडे वळले. गप्प बसण्याचा भाव बाईंना पुरता ठाऊक होता: आणखी पाऊण तास गप्प बसलं की पुस्तक त्यांचं. ‘मी बघते’ एवढं म्हटलं तरी पुरे होतं. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती हातातला कागद दुमडत होती. वर्षावर्षाच्या बोलीवर जगणाऱ्या माणसाच्या हातात कागद कायम दुमडलेलाच असतो.

“प्रत नाही,” बाई म्हणाल्या. “ओळखीचंही कोणी नाही. ते पुस्तक नाहीच. मी रचलं.”

खोलीत काहीजणांनी एकदम खाली बघितलं, आणि नऊ वाचक नेमके कोण, ते न मोजता कळलं.

“रचलं म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“म्हणजे रचलं. काटा, कारकून, ट्रकवाला, सगळं. न वाचता कोण लिहितं, ते बघायचं होतं.”

डॉक्टर पहिल्यांदा हसला. “मला वाटलंच होतं. म्हणून तर मीही एक शेवट ठोकून दिला. मजा आली की नाही?” कुंड्यावाल्या बाईंना लगेच आठवलं की आईचं पुस्तक दुसरंच असावं. नावात थोडा फरक होता. साहेबांना मात्र हसता येईना आणि विसरताही येईना. त्यांनी मधली पन्नास पानं पसरट ठरवली होती.

“वहिनी,” मागून भावजी म्हणाले, “छान रचलंय. मी ते शोधत होतो, ते वाचायचं होतं म्हणून.” त्या खोलीत बाईंचं कौतुक करणारा तो एकच माणूस निघाला. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. बघवलं नाही.

साहेबांना तोवर वाट सापडली होती. “बाई, तुमच्या चार हजार नोंदी आहेत. एक पुस्तक रचलेलं, हे तुम्हीच कबूल करता. बाकीची खरी आहेत, हे आम्ही कसं मानायचं? तपासणार कोण?”

तपासणार कोण, हा प्रश्न चौतीस वर्षांत बाईंना कोणी विचारला नव्हता.  अकरा वर्षांच्या नोंदी एका हात वर करण्यात बाद झाल्या.

“मग राहिले घड्याळवाले,” कोणीतरी म्हणालं.

बाईंनी ओठ मिटून घेतले. त्यांच्यापुरता तो विषय तिथेच संपला होता. पण भावजी उभे राहिले, हातात हात धरून. “माझ्या नोंदी दादा उतरवतो. चुका तोच काढतो. नियमात बसत नसेल तर नको.” आणि दोन वाक्यांच्या जागी तीन बोलून खाली बसले.

नियमात बसत नव्हतं.

उरलेल्यांत वजनकाट्याच्या शेवटाला सगळ्यात जास्त अंगठे होते, म्हणून पुस्तक डॉक्टरचं निघालं. अठरा नोंदींनी एकशे वीस पानं कशी भरायची, म्हणून अक्षर मोठं घेतलं आणि मधेमधे वाचनालयाच्या इमारतीची चित्रं टाकली. त्याची मुद्रितं तपासायला बाईंकडेच आली. बाईंनी ती तपासली, शेवटाकडून सुरुवातीकडे. एकतिसाव्या पानावर वजनकाट्याची नोंद होती: आधी बाईंचा कारकून आणि ट्रकवाला शब्दाला शब्द, मग डॉक्टरचं करडं मुखपृष्ठ. त्यांनी ती साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, राहू द्या, लोकांना आवडते.

आता कोणी काय किंमत मोजली ते सांगायचं तर, ज्यांनी नसलेलं पुस्तक वाचलं त्यांना काही मोजावं लागलं नाही, आणि त्यांतल्या एकाला तर असलेलं पुस्तक मिळालं. ग्रंथपाल मुलीने नसलेल्या पुस्तकाला नाही म्हटलं, त्याबद्दल तिला वर्षाऐवजी सहा महिन्यांची मुदत मिळाली. भावजींनी सात दुकानं पालथी घातली, खरं ते न विचारता सांगितलं आणि त्यानंतर पानावर लिहिणं सोडलं. ते घड्याळात बघून अजून बोलतात, असं नवरा म्हणतो, पण उतरवून कोणी घेत नाही. नवऱ्याची संध्याकाळ गेली. आणि बाईंचं म्हणाल, तर चार हजार पंधरा खऱ्या नोंदी एका खोट्या नोंदीपायी गेल्या, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती तेवढी एक. पुस्तकात तिच्याखाली नाव डॉक्टरचं आहे.